बिदरच्या भिंती आणि कॅमेरा

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर तिथली पोरे रात्रीतून चित्रे रंगवीत आणि रेल्वेवाले ती धुऊन काढीत. मार्था कूपर व हेन्री चॅलफंट यांनी त्यांचे फोटो काढून ठेवले. १९८४ साली पुस्तक निघाले. १९८९ च्या मे महिन्यात तिथली शेवटची रंगवलेली गाडी रुळांवरून गेली. आता जगभर लोक कॅमेरा घेऊन रस्त्यावरच्या भिंतींमागे हिंडतात. आम्हा बिदरकरांना त्याचे नवल वाटू नये. रस्त्याकडे तोंड केलेली आमची रंगीत भिंत साडेपाचशे वर्षांची आहे.

महमूद गवान हा इराणातील गिलानचा. बहमनी राज्याचा वजीर असताना १४७२ साली त्याने मदरसा बांधला आणि त्याची दर्शनी बाजू निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईच्या फरशांनी मढवली. शिकायला आत कोण जाईल ते जाईल. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या कोणालाही ती भिंत फुकट पाहता येई. १४८१ मध्ये सुलतानाने गवानाचाच शिरच्छेद करवला. औरंगजेबाने किल्ला घेतल्यावर मदरशात दारू साठवली होती, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट झाला. दर्शनी बाजूचा मोठा भाग आणि एक मिनार गेला. उत्तरेकडचा मिनार उभा आहे, त्यावर काही फरशा शिल्लक आहेत.

हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांचा बिदरवरील ग्रंथ १९४७ साली निघाला. त्यात या वास्तूंचे फोटो आहेत. त्या पानांशी आजची भिंत ताडून पाहावी, तासभर कसा जातो कळत नाही.

फोटो काढणाऱ्याची खरी परीक्षा मात्र अष्टूरला. अहमदशहा बहमनीच्या कबरीच्या घुमटात आतून रंगकाम आहे, पण उजेड नाही. रखवालदार दाराशी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत पाठवतो आणि छतावरचा लाल, सोनेरी रंग क्षणभर पेटतो. या सुलतानाला लिंगायत बांधव अल्लमप्रभू मानतात, म्हणून उरुसाला दोन्ही धर्मांची गर्दी असते.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. इकडच्या भिंतींवर मराठी अक्षरे पेंटरच्या हातानेच टिकली. इतिहासकार त्यांची नोंद कशाला घेतील?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एका पेंटरने काढलेला गणपती होता, खाली मराठीत ‘सुस्वागतम्’. रस्ता रुंदीकरणात ती भिंत गेली. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेलो आम्ही, त्या दिवशी टेपचे एक टोक आमच्याच हातात होते. खिशात मोबाइल होता, पण फोटो काढायचे सुचले नाही.

पुढे घरचे जुने अल्बम उपसले. धाकट्या काकांच्या लग्नाच्या वरातीच्या एका फोटोत, घोड्याच्या मानेमागे, सोंड आणि मोदकाचा हात एवढेच सापडले.