वर्षाला एक गिल्डर भाडे

निराश्रिताला आसरा देणे हे दयाकर्म ख्रिस्तसभा आरंभापासून शिकवीत आली आहे. परंतु आसरा देणे वेगळे आणि घर देणे वेगळे. धर्मशाळेत माणूस रात्रीपुरता पाहुणा असतो. घराला मात्र त्याचे स्वतःचे दार असते. हा भेद ओळखणारी एक वसाहत दक्षिण जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात गेली पाच शतके नांदते आहे. तिचे नाव फुग्गेराय.

तिचा संस्थापक याकोब फुग्गर हा एका विणकराचा नातू. तांब्या-चांदीच्या खाणी आणि सावकारी यांच्या बळावर तो युरोपातील अतिश्रीमंतांपैकी एक झाला. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदा यांच्याबरोबर भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात जर्मन व्यापाऱ्यांचे जे भांडवल होते, त्यात फुग्गर घराण्याचाही वाटा होता. १५१९ मध्ये पाचवा चार्ल्स सम्राटपदी निवडून आला, तोही प्रामुख्याने याच पेढीच्या कर्जावर. माइन्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांचे कर्ज फेडण्यासाठी क्षमापत्रांच्या उत्पन्नाचा हिस्सा याच पेढीकडे जात असे, हेही इतिहासाने लपवू नये. अशा धनातून हे पुण्यकार्य उभे राहिले.

१५१६ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला आणि २३ ऑगस्ट १५२१ रोजी दानपत्र करण्यात आले. १५२३ पर्यंत ५२ घरे पूर्ण झाली. प्रत्येक घर दुमजली. खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड आणि दोघांचीही रस्त्याकडची दारे स्वतंत्र. बिऱ्हाड सुमारे साडेसहाशे चौरस फुटांचे. दारावरच्या घंटेच्या मुठी निरनिराळ्या आकारांच्या. अंधारातही नुसत्या स्पर्शाने आपले दार ओळखता यावे म्हणून! भाडे वर्षाला एक ऱ्हेनिश गिल्डर. शिवाय संस्थापकासाठी व त्याच्या कुटुंबीयांसाठी रोज तीन प्रार्थना : प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार.

हे घर सरसकट कोणालाही मिळत नसे. अर्जदार ऑग्सबर्गचा रहिवासी, गरीब आणि कष्टकरी असावा, अशी अट होती. कारागीर व रोजंदारीवरचे मजूर यांच्यासाठी ती वसाहत होती. भिकाऱ्यांना तेथे जागा नव्हती. मोझार्टचे पणजोबा फ्रान्स मोझार्ट हे गवंडी. तेही एके काळी येथेच राहत. आजही इच्छुकाला संस्थेकडे अर्ज करावा लागतो. शहरात किमान दोन वर्षांचे वास्तव्य, आर्थिक गरज आणि कॅथलिक असणे या गोष्टी पाहिल्या जातात आणि जागा रिकामी होईपर्यंत अनेकांना दीर्घकाळ थांबावे लागते. मूळ भाडे मात्र तेच राहिले आहे. आजच्या चलनात ८८ सेंट, म्हणजे एक युरोहूनही कमी. विजेचा व इतर खर्च तेवढा वेगळा. लुथरपंथीय गरिबासाठी ते दार बंद आहे, ही गोष्ट आज आपणास खटकल्यावाचून राहत नाही.

तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने वसाहतीची नासधूस केली. २५ व २६ फेब्रुवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यांत तिचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला. परंतु राख पुरती निवण्याआधीच, १ मार्च १९४४ रोजी, फुग्गर घराण्याने ती पुन्हा उभारण्याचा निर्णय घेतला. आज तेथे ६७ घरांत १४० बिऱ्हाडे आहेत. हे शक्य झाले, कारण संस्थापकाने केवळ भिंती बांधल्या नव्हत्या. त्या टिकवण्यासाठी कायमस्वरूपी निधीची तरतूद केली होती. आज संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिच्या वनजमिनींतून येतो.

एक गिल्डर ही रक्कम फुग्गरच्या तिजोरीत मोजण्याजोगीही नव्हती. मग ती मागायची तरी कशाला? भाडे भरणारा माणूस भाडेकरू असतो, याचक नव्हे. पैसे देऊन तो आपल्या दारातून मान ताठ ठेवून आत जातो. घरासाठी अर्ज लिहून द्या, दाखला द्या, म्हणून एखादे कुटुंब धर्मग्रामाच्या कार्यालयात येते, तेव्हा ते भीक मागायला आलेले नसते. ते दार शोधीत आलेले असते. त्याला बसायला खुर्ची देणे, त्याचा कागद नीट वाचणे आणि अटी त्याला समजतील अशा भाषेत सांगणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. त्यासाठी फुग्गरची तिजोरी लागत नाही.