फासकीतला बिबट्या
३. फासकी : रानडुकरांच्या वाटेवर लावलेला तारेचा सरकफास. रत्नागिरीत लांजा, राजापूर, संगमेश्वराकडे काजूबागांच्या कुंपणालगत बिबटेही त्यात अडकतात. लेखक ज्याला ‘वाघ’ म्हणतो तो हा बिबट्याच. तार बहुधा कमरेत बसते आणि जनावर जितके ओढते तितकी आवळते. कातडी शाबूत दिसली तरी आतले अवयव चेचलेले असू शकतात, त्यामुळे ‘सुटला म्हणजे वाचला’ हे लेखकाचे अनुमान घाईचे वाटते. युगांडातील जेकब हा सिंह शिकाऱ्यांच्या सापळ्यात पाय गमावून तीन पायांवर जगला खरा, पण त्याला भावाची साथ होती. बिबट्या पडला एकांडा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार फासकी लावणे हीसुद्धा शिकारच, मग रोख डुकरावर का असेना. – संपा.