युरोपातील स्कीइंगची कौटुंबिक सहल : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

सुरतेतील पर्वत पाटिया या वस्तीच्या नावात पर्वत असला, तरी परिसरात साधी टेकडीही नाही. पर्वत हे मूळ गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरचा, पाटी लावलेला थांबा. कापड व्यवसायाच्या निमित्ताने खानदेशातून येऊन सुरतेत स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने येथे बसून युरोपातील स्कीइंगचा बेत आखला, तर त्याच्यापुढचे प्रश्न म्हापसा वा फोंडा येथील कुटुंबाहून फारसे वेगळे नसतात. मुलांनी बर्फ पाहिलेला नसतो, विमान बहुधा मुंबईहूनच घ्यावे लागते आणि अनेक वर्षांची बचत एका आठवड्यात खर्च होणार असते.

बहुतेक युरोप सहलींत टिटलिस किंवा युंगफ्राउयोख येथे काही तास बर्फ दाखवला जातो. स्कीइंगची सहल त्याहून निराळी. त्यात एकाच डोंगराळ गावी पाच-सहा दिवस मुक्काम करावा लागतो आणि राहणे, साहित्याचे भाडे, शिकवणी व लिफ्टचा पास असे चार खर्च रोज चालू राहतात. यांपैकी कोणता आवरता येतो आणि कोणता आवरू नये, हे आधी ठरवणे म्हणजेच नियोजन होय.

तारीख हीच मोठी बचत

युरोपातील स्कीइंगचा हंगाम साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत असतो. सुरतेची मोठी सुट्टी दिवाळीची. लाभपंचमीपर्यंत बाजार बंद असतात. पण त्या वेळी ऑस्ट्रियातील हिंटरटुक्ससारख्या हिमनद्यांवरील मोजकी ठिकाणे वगळता उतार सुरू झालेले नसतात. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत हंगाम उलटून जातो. गोव्यातील शाळांना नाताळची सुट्टी मिळते खरी, परंतु नाताळ ते नववर्ष हाच तेथील सर्वांत महागडा काळ. त्याखालोखाल फेब्रुवारी, कारण अनेक युरोपीय देशांत तेव्हा शाळांना सुट्टी असते.

स्वस्त पडतो तो ६ जानेवारीनंतरचा पंधरवडा-तीन आठवडे आणि मार्चचा उत्तरार्ध. मार्चमध्ये कमी उंचीवरील बर्फ वितळू लागतो आणि आपल्याकडे परीक्षाही जवळ येतात. त्यामुळे शाळेची पूर्वपरवानगी घेऊन जानेवारीत जाणे हा बहुतांश कुटुंबांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो.

गावाची निवड

स्वित्झर्लंडपेक्षा पूर्व युरोपातील गावे खिशाला परवडतात. बल्गेरियातील बान्स्को हे पिरिन पर्वताच्या पायथ्याचे गाव सोफियापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तेथील उतार गावापासून बरेच उंच असून वर नेणाऱ्या गोंडोलासाठी सकाळी लांब रांगा लागतात. रिला पर्वतातील बोरोवेत्स सोफियापासून सुमारे ७० किलोमीटरवर असल्याने लहान मुलांसाठी प्रवास सोपा. पोलंडमधील झाकोपाने क्राकूवपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे.

केवळ गावातील दर पाहून निर्णय घेऊ नये. मुंबईहून सोफियाला जाताना साधारणपणे इस्तंबूल किंवा एखाद्या आखाती शहरात विमान बदलावे लागते. तिकीट, विमानतळापासूनचे वाहन आणि मुक्काम यांची एकत्र बेरीज करूनच तुलना करावी. स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतल्यास शाकाहारी कुटुंबाचा भोजनखर्च बराच कमी होतो.

उतारावरचा खर्च

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने सहा दिवसांचा संपूर्ण पास घेणे हा हमखास होणारा अपव्यय. पहिले दोन-तीन दिवस नवशिक्यांच्या सौम्य उतारावरच जातात आणि त्यासाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र, कमी दराचा पास मिळतो. युरोपात उतारांची काठिण्यपातळी निळा, लाल व काळा अशा रंगांनी दाखवतात. काही देशांत निळ्याहून सोपा हिरवा रंगही असतो. पालकांना स्वतः शिकायचे नसेल, तर त्यांच्यासाठी पास घेण्याची गरजच नाही.

बूट, स्की व हेल्मेट तेथेच भाड्याने घ्यावेत. शिकवणी मात्र टाळू नये. कोणाही नातेवाइकापेक्षा प्रशिक्षक मुलांना थांबणे, वळणे आणि सुरक्षित पडणे लवकर शिकवतो.

कपड्यांच्या बाबतीत सुरतेचेच कापड मार्गदर्शक ठरावे. सुती कपडा घाम व बर्फ शोषून ओला राहतो आणि अंग गारठते. आतून कृत्रिम धाग्याचा अथवा लोकरीचा थर आणि बाहेरून पाणी न शिरणारे जाकीट व विजार, ही रचना योग्य.

व्हिसा

१ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रोमानिया शेंगेन क्षेत्रात पूर्णतः सामील झाले असून त्यातील देशांची संख्या २९ झाली आहे. जेथे सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयास सामान्यतः १५ दिवस लागतात. तथापि ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो असून ६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. आई-वडील, १० वर्षांची मुलगी व ५ वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाला २२५ युरो लागतील. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारल्यास हे शुल्क परत मिळत नाही, म्हणून रद्द करता येण्याजोगेच आरक्षण करणे शहाणपणाचे.

गोव्यातील काही घरांत एकाकडे पोर्तुगीज आणि इतरांकडे भारतीय पारपत्र असते. अशा युरोपीय नागरिकाबरोबर पोर्तुगालखेरीज अन्य सदस्य देशात जाताना त्याची पत्नी वा पती आणि २१ वर्षांखालील मुले यांना व्हिसा शुल्क भरावे लागत नाही. नात्याचे पुरावे मात्र जोडावे लागतात.

विमा : येथे काटकसर नको

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते. मात्र ही अट पूर्ण करणारी प्रत्येक पॉलिसी स्कीइंगमधील दुखापत भरून देतेच असे नाही; अनेक पॉलिसी साहसी क्रीडा वगळतात. आल्प्समध्ये हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे देयक जखमीच्या कुटुंबाकडे येऊ शकते. पॉलिसीत हिवाळी क्रीडा आणि डोंगरावरील बचावकार्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी तपासावे. इटलीत तर उतारावर दुसऱ्यास इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही २०२२ पासून बंधनकारक आहे.

सामानात काय न्यावे

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस व दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे आणि माव्याची सुरती घारी घरीच ठेवावी. खाकरा, पोहे व कोरड्या चटण्या चालतात.

आधी घरची तालीम

मुलांना हा खेळ रुचेल की नाही, याची खात्री नसेल तर गुलमर्ग किंवा मनालीजवळील सोलांग येथे तीन-चार दिवस घालवून पाहावेत. थंडी, जड बूट आणि वारंवार पडणे यांना कुटुंब कसे सामोरे जाते ते तेथे कळते. तेथून मुले पुन्हा जाण्याचा हट्ट धरून परतली, तर युरोपासाठी बचत सुरू करावी. कंटाळून परतली, तर मोठा खर्च वाचला असे समजावे.