ऐकलेली मैफल आणि उरलेली मैफल : अभिजात रॉक संगीताच्या थेट प्रयोगांची साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासलेखनात 'साधन' हा शब्द उच्चारताच दप्तर, ताम्रपट, शिलालेख, पत्रव्यवहार आणि बखर अशी मालिका डोळ्यांसमोर उभी राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा सांस्कृतिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र कागदाइतकाच, किंबहुना काही वेळा कागदाहून अधिक, ध्वनिफितीचा आधार घ्यावा लागतो. इंग्लंड-अमेरिकेत १९६० ते १९८० या काळात बहरलेले आणि पुढे 'क्लासिक रॉक' या नावाने ओळखले गेलेले संगीत हे याचे ठळक उदाहरण होय. या संगीताचे खरे रूप स्टुडिओतील तबकडीवर नव्हे, प्रेक्षकांसमोरील प्रयोगात आहे, असे त्याचे चाहते नेहमी सांगतात. परंतु आज त्या प्रयोगांना उपस्थित राहणे कोणालाच शक्य नाही. नंतरच्या पिढीला 'द हू', 'लेड झेपलिन' अथवा 'ग्रेटफुल डेड' यांचा जो शोध लागतो तो ध्वनिमुद्रिका, चित्रपट आणि हस्ते परहस्ते फिरलेल्या कॅसेट यांच्या द्वारेच. ही साधने कितपत विश्वसनीय आहेत, ती कोणी व कोणत्या हेतूने निर्माण केली, आणि जे साधन टिकले त्यामुळेच काही प्रयोग 'ऐतिहासिक' ठरले काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

आवाज ऐकू येण्यापूर्वीचा काळ

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स'चा कार्यक्रम झाला. सुमारे ५५,००० प्रेक्षक उपस्थित होते. एवढ्या विशाल जनसमुदायापर्यंत गाणे पोहोचविण्यासाठी मैदानातील उद्घोषणेच्याच ध्वनिवर्धकांवर बरीचशी भिस्त होती. गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवले जाणारे मॉनिटर तेव्हा प्रचारात आलेले नव्हते. परिणामी प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत गाणे बुडून गेले आणि वादकांनाही एकमेकांचे वादन नीट ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधील कार्यक्रमानंतर या चौघांनी दौरे बंद केले, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक कारण होते.

लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोल येथे १९६४ व १९६५ साली त्यांचे प्रयोग मुद्रित करण्यात आले होते. त्या फिती प्रकाशनयोग्य नाहीत असे ठरून पडून राहिल्या आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या संस्करणानंतर थेट १९७७ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली. २०१६ साली त्यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी नव्या तंत्राने किंकाळ्या मागे सारून गाणे पुढे आणले. म्हणजे आजचा श्रोता त्या रात्रीचे गाणे तेथे प्रत्यक्ष बसलेल्या प्रेक्षकापेक्षाही स्पष्ट ऐकतो. पण त्या प्रेक्षकाने ऐकली ती मैफल हीच काय? किंकाळी हा त्या घटनेतील गोंगाट मानायचा की त्या घटनेचा गाभा, हा प्रश्न तंत्रज्ञाच्या अधिकारातला नाही, तो इतिहासकाराचा आहे.

लीड्सचे भोजनगृह

थेट प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या घटनांत १४ फेब्रुवारी १९७० ही तारीख महत्त्वाची मानली जाते. स्थळ होते लीड्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे भोजनगृह. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश विद्यापीठांतील विद्यार्थी संघटना बँड आमंत्रित करीत, तिकिटे विकत आणि हिशेबही ठेवीत. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाची धावपळ अनुभवलेल्या प्राध्यापकांना यातील दगदग वेगळी सांगावयास नको. सुमारे दोन हजार प्रेक्षक मावतील अशा त्या सभागृहात 'द हू' या बँडने दोन तासांहून अधिक काळ प्रयोग केला.

यामागील पूर्वपीठिका उद्बोधक आहे. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात बँडचे ध्वनितंत्रज्ञ बॉब प्रिडन यांनी अनेक प्रयोग मुद्रित केले होते. परंतु एवढ्या फिती ऐकून निवड करण्याचा पीट टाउनशेंड यांना कंटाळा आला आणि त्यांनी त्या जाळून टाकण्यास सांगितले. हेतू असा की त्या चोरट्या विक्रेत्यांच्या हाती पडू नयेत. पुढे टाउनशेंड यांनीच या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला. पेशवे दप्तराचे रुमाल वाळवीने खाल्ले म्हणून हळहळणाऱ्या अभ्यासकाला हे दुःख परके वाटणार नाही. येथे मात्र वाळवीचे काम साधनाच्या कर्त्यानेच केले.

दौऱ्याच्या फिती गेल्यावर लीड्स व लगेच दुसऱ्या दिवशी हल अशा दोनच ठिकाणी मुद्रण करावयाचे ठरले. टाउनशेंड यांना हलचा प्रयोग अधिक आवडला होता असे सांगितले जाते. पण त्या फितीवर आरंभीच्या काही गाण्यांत जॉन एन्टविसल यांची बास गिटार उमटलीच नसल्याचे आढळले आणि लीड्सची निवड झाली. एका फितीतील दोषामुळे एक गाव संगीताच्या इतिहासात अजरामर झाले व दुसरे चाळीस वर्षे विस्मृतीत गेले. २०१० साली हलचा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा जेथे बास नव्हती तेथे लीड्सची बास जोडण्यात आली. एका हस्तलिखितातील गळालेला मजकूर दुसऱ्या पोथीवरून भरून काढावा, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की पाठचिकित्सक अशी भर कंसात दाखवितो. कानाला कंस ऐकू येत नाही.

मे १९७० मध्ये निघालेल्या 'लाइव्ह ॲट लीड्स' या तबकडीवर केवळ सहा गाणी होती. १९९५ च्या आवृत्तीत ती चौदा झाली. २००१ मध्ये संपूर्ण प्रयोग उपलब्ध झाला, परंतु मैफलीच्या मध्यभागी सादर झालेली 'टॉमी' ही रॉक-संगीतिका वेगळ्या तबकडीवर हलविण्यात आली. म्हणजे मजकूर पूर्ण, पण अनुक्रम बदललेला. मूळ तबकडीच्या लेबलावर, खरखर ऐकू येते ती तशीच ठेवावी, दुरुस्त करू नये, अशा आशयाची सूचना होती. सदोष तारांमुळे फितीवर उमटलेले ते आवाज पुढच्या आवृत्तीत संगणकाच्या साहाय्याने काढून टाकले गेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी पद्धत अवलंबिली, त्या पद्धतीने पाहिल्यास एका रात्रीच्या या गाण्याच्या किमान तीन 'वाचना' आज उपलब्ध आहेत. 'लाइव्ह ॲट लीड्स'विषयी विधान करणाऱ्या अभ्यासकाने आपण कोणती आवृत्ती ऐकली हे नमूद करणे म्हणूनच अगत्याचे आहे. दुर्दैवाने संगीतविषयक लेखनात हे क्वचितच घडते.

या तबकडीचे वेष्टन साध्या तपकिरी कागदासारखे, त्यावर रबरी शिक्क्याने मारल्यासारखे नाव, असे होते. हे मुद्दाम चोरट्या तबकडीचे अनुकरण होते. १९६९ च्या उन्हाळ्यात बॉब डिलन यांच्या अप्रकाशित गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' ही बेकायदा तबकडी बाजारात आली होती. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या ओकलंड येथील 'रोलिंग स्टोन्स'च्या प्रयोगाची प्रेक्षकांतून मुद्रित केलेली तबकडीही काही आठवड्यांतच विकली जाऊ लागली. स्टोन्सची अधिकृत मुद्रिका १९७० च्या सप्टेंबरमध्ये निघाली. येथे चोरट्या साधनाने अधिकृत साधनाला जन्म दिला असे म्हणता येईल.

दुरुस्त केलेली साक्ष

अधिकृत याचा अर्थ प्रामाणिक असा नव्हे. स्टोन्सच्या उपरोक्त मुद्रिकेत काही ठिकाणी गायन व गिटार स्टुडिओत पुन्हा मुद्रित करून जोडले होते. आयर्लंडच्या 'थिन लिझी' या बँडच्या १९७८ मधील 'लाइव्ह अँड डेंजरस'बाबत निर्माते टोनी व्हिस्कोंटी यांनी सुमारे ७५ टक्के भाग स्टुडिओतील असल्याचे म्हटले आणि बँडच्या मंडळींनी ते ठामपणे नाकारले. समकालीन साक्षीदारांचे असे परस्परविरोधी कथन बखरीच्या अभ्यासकाला नवे नाही. याउलट 'डीप पर्पल'ने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथील तीन प्रयोगांतून सिद्ध केलेली 'मेड इन जपान' ही मुद्रिका अशा जोडकामापासून बव्हंशी मुक्त मानली जाते. तीही एका सलग रात्रीची नसून तीन रात्रींतील वेचे आहेत.

साधन खरोखर किती निर्णायक ठरू शकते हे ६ डिसेंबर १९६९ च्या कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथील दुर्घटनेवरून दिसते. सुमारे तीन लाखांच्या गर्दीत, स्टोन्सचे गाणे सुरू असताना, मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची मंचाजवळ चाकूने हत्या झाली. तेथे 'हेल्स एंजल्स' या मोटारसायकलस्वार टोळीकडे मंचाच्या रक्षणाचे काम होते. 'सिंपथी फॉर द डेव्हिल' हे गाणे चालू असताना हा प्रकार घडला असे वृत्त पसरले. सैतानाचे गाणे आणि खून ही जोडी इतकी नाट्यमय होती की आजही ती अनेक लेखांत आढळते. मेझल्स बंधू व शार्लट झ्वेरिन यांच्या 'गिमी शेल्टर' या १९७० मधील चित्रपटातील ध्वनी व दृश्य मात्र स्पष्ट सांगतात, तेव्हा 'अंडर माय थंब' हे गाणे सुरू होते. हंटरच्या हाती पिस्तूल असल्याचेही त्याच चित्रफितीत दिसते. हे चित्रण न्यायालयात पुराव्यादाखल मांडले गेले आणि आरोपी ॲलन पासारो १९७१ मध्ये निर्दोष सुटला. ती फीत नसती तर दंतकथाच इतिहास ठरली असती. फीत असूनही दंतकथा मेली नाही, हाही तितकाच महत्त्वाचा भाग होय.

जे टिकले ते थोर ठरले

कॅलिफोर्नियाच्या 'ग्रेटफुल डेड'ने १९६५ ते १९९५ या काळात सुमारे २,३०० प्रयोग केले. श्रोत्यांनी आपापली यंत्रे आणून मुद्रण करण्यास या बँडने आडकाठी केली नाही. ऑक्टोबर १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. फितींची अदलाबदल करावी, विक्री करू नये, हा अलिखित दंडक होता. खाजगी मैफलींच्या स्पूल टेप व कॅसेट जिवापाड जपणारे महाराष्ट्रातील गानरसिक या वृत्तीशी सहज नाते सांगू शकतील.

या बँडचा सर्वाधिक नावाजलेला प्रयोग ८ मे १९७७ चा, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील. त्या दिवशी मे महिन्यातही इथाका गावात बर्फ पडला होता. प्रयोग उत्कृष्ट होता यात वाद नाही. परंतु त्या वसंत ऋतूतील दौऱ्यातील आदल्या दिवशीचा बोस्टनचा किंवा दुसऱ्या दिवशीचा बफेलोचा प्रयोगही जाणकार तोलामोलाचा मानतात. मग कॉर्नेललाच हे भाग्य का लाभले? याचे उत्तर मुख्यतः फितीत आहे. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ महिलेने केलेले ते मुद्रण अत्यंत स्वच्छ होते. पुढे आर्थिक ओढगस्तीत त्यांना आपल्या फिती ठेवलेल्या गोदामाचे भाडे भरता आले नाही आणि १९८६ साली त्या सामानाचा लिलाव झाला. खरेदीदारांकडून प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या मुद्रणाचा समावेश केला आणि अधिकृत मुद्रिका २०१७ मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी, निघाली. एका स्त्रीची हलाखी हा या वारशाच्या प्रसाराचा आरंभबिंदू आहे, ही गोष्ट गौरवपर लेखनात बहुधा तळटीपेत जाते.

'लेड झेपलिन'चा मार्ग याच्या नेमका उलट. त्यांचे व्यवस्थापक पीटर ग्रँट प्रेक्षकांतील मुद्रणयंत्रे हुडकून काढण्यासाठी कुप्रसिद्ध होते. तरीही लॉस एंजेलिसचा माइक मिलर्ड हा चाहता चाकांच्या खुर्चीत यंत्र दडवून आत जाई. २१ जून १९७७ चे त्याचे मुद्रण आजही आदर्श समजले जाते. बँड कार्यरत असताना त्यांची अधिकृत थेट मुद्रिका एकच, १९७६ ची. जून १९७२ च्या कॅलिफोर्नियातील दोन प्रयोगांचे संकलन श्रोत्यांना मिळाले ते २००३ मध्ये. मधल्या पंचवीसहून अधिक वर्षांत या बँडची रंगमंचीय कीर्ती तगून राहिली ती चोरट्या फितींच्याच बळावर. कायद्याच्या दृष्टीने ज्याला चौर्य म्हणावे लागते त्यानेच दप्तर सांभाळले, हे अप्रिय असले तरी मान्य करावे लागते.

या वाटेने एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये याच बँडचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि येथील वादकांना सोबत घेऊन त्यांनी आपली 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ही मैफल नव्हती, चाचणीवजा मुद्रण होते. ते प्रसिद्ध झाले नाही. परंतु प्रती फुटल्या आणि जगभरच्या संग्राहकांच्या हाती चार दशके फिरत राहिल्या. २०१५ साली 'कोडा' या मुद्रिकेच्या विस्तारित आवृत्तीत ती दोन्ही गाणी अधिकृतपणे आली तेव्हा त्यांवर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असे सामुदायिक नाव होते. पेज आणि प्लँट यांनी त्या दिवशी काय वाजविले आणि गायिले हे आता कोणालाही ऐकता येते. सारंगी व तबला वाजविणाऱ्या हातांची नावे मात्र त्या सामुदायिक शीर्षकाआडच राहिली आहेत.