महिला खो-खो : वयोगटांची परंपरा आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठ
(जव्हार-मोखाडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही खेळातील महिलांचा राष्ट्रीय संघ दोन गोष्टींवर उभा राहतो : देशांतर्गत वयोगटांच्या स्पर्धा आणि देशाबाहेर खेळण्याचे नियमित व्यासपीठ. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या खो-खोच्या वाट्याला यांपैकी पहिली गोष्ट लवकर आली. दुसरी मात्र फार उशिरा. प्रस्तुत लेखात या अंतराचा आढावा घेऊन आदिवासी भागातील मुलींच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासण्यात आला आहे.

देशांतर्गत परंपरा

१९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पुरुषांसाठी झाली आणि लगेच पुढच्या हंगामात कोल्हापूर येथे महिलांचा गट सुरू झाला. कालांतराने किशोरी व कुमारी गटांची जोड मिळाली. किशोरी गटासाठी ‘इला’, कुमारी गटासाठी ‘जानकी’ आणि महिला गटासाठी ‘राणी लक्ष्मीबाई’ हे पुरस्कार म्हणजे या परंपरेच्या तीन पायऱ्याच होत.

आंतरराष्ट्रीय टप्पा

आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये कोलकात्यात व २००० मध्ये ढाक्यात झाली. त्यानंतर दीर्घ खंड पडला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. वयोगटांच्या याच पायऱ्या चढून त्या कर्णधारपदापर्यंत पोहोचल्या, ही बाब बोलकी आहे. उपांत्य फेरीतील चार महिला संघांपैकी दक्षिण आफ्रिका व युगांडा हे दोन संघ आफ्रिका खंडातील होते, हेही लक्षणीय होय.

आफ्रिकेशी तुलना

आफ्रिकेतील महिला बास्केटबॉलचे चित्र याच्या उलट दिसते. तेथे खंडीय महिला स्पर्धा १९६६ मध्येच गिनी येथे सुरू झाली. पुढे कुमारी गटांच्याही खंडीय स्पर्धा आल्या. नायजेरियाने २०१७ ते २०२५ या काळात सलग पाच वेळा महिला विजेतेपद पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणारा तो आफ्रिकेचा पहिला बास्केटबॉल संघ ठरला. तथापि या संघातील अनेक खेळाडू अमेरिकेतील महाविद्यालयांत घडलेल्या होत्या. म्हणजे व्यासपीठ आफ्रिकेचे, जडणघडण बऱ्याच अंशी परदेशातील. खो-खोत जडणघडण गावातली, पण व्यासपीठाची वाण.

जव्हार-मोखाड्याचा संदर्भ

२७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान आणि दोन खांब एवढ्यावर खो-खो खेळता येतो. त्यामुळे साधनांची चणचण असलेल्या आश्रमशाळांना तो परवडतो. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांत त्याला स्थानही आहे. परंतु दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामांकडे होणारे कुटुंबांचे स्थलांतर या भागात नित्याचे आहे. ज्या काळात सराव सलग व्हायला हवा, नेमक्या त्याच काळात अनेक मुलींची शाळा सुटते. शाळा सुटली की किशोरी गट सुटतो आणि पुढची प्रत्येक पायरी आपोआप निसटते. या दृष्टीने निवासी आश्रमशाळेतील मुलींचे वसतिगृह हे क्रीडाविकासाचेही साधन ठरते.

समारोप

महिला खो-खोला २०२५ मध्ये जागतिक व्यासपीठ मिळाले. मात्र एका विश्वचषकाने परंपरा निर्माण होत नाही. महिलांबरोबरच कुमारी गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठराविक काळाने होणे आवश्यक आहे. त्याच वेळी शिडीची सर्वांत खालची पायरी, म्हणजे वर्षभर शाळेत टिकणारी मुलगी, भक्कम करावी लागेल. अन्यथा व्यासपीठ उंचावेल, पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून तेथवर जाणारी वाट अपुरीच राहील.