अंगणांतील ध्वज आणि खरेदीखतांतील अट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रध्वजाचें दर्शन जितकें सुलभ आहे, तितकें तें दुसऱ्या एखाद्या देशांत क्वचितच असेल. शाळांच्या दारांवर, न्यायालयांच्या शिखरांवर, दुकानांपुढें आणि साध्या गृहस्थाच्या ओसरीवर तो बाराही महिने फडकत असतो. आणि ४ जुलै हा स्वातंत्र्यदिन उजाडला म्हणजे तर गल्ल्याच्या गल्ल्या ध्वजांनीं भरून जातात. अशा या देशाच्या विधिमंडळास २००६ सालीं एक कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याचा विषय काय, तर नागरिकास स्वतःच्या घरावर आपल्याच राष्ट्राचा ध्वज लावतां यावा! ज्यांनीं या ध्वजास मनाई केली होती ते कोणी परके सत्ताधीश नव्हते, कीं सरकारी अधिकारीही नव्हते. ते त्या गृहस्थाचे शेजारीच होते. ही विलक्षण स्थिति कशी उत्पन्न झाली याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण नागरिकाचें स्वातंत्र्य नेमकें कोणापासून जपावें लागतें, या प्रश्नावरही तो प्रकाश टाकतो.

अमेरिकन शहरांच्या उपनगरांत नवी वसाहत वसवितांना जमिनीचा मूळ मालक बहुधा प्रत्येक घराच्या खरेदीखतास अटींची एक लांबलचक यादी जोडतो. घरास रंग कोणता द्यावा, कुंपण किती उंच असावें, मोटार कोठें उभी करावी, धुतलेले कपडे बाहेर वाळत घालावे कीं नाहीं, येथपासून अंगणांत खांब रोवावा कीं नाहीं, येथपर्यंत नाना गोष्टी तींत नमूद असतात. या अटी पाळल्या जाव्या म्हणून वसाहतींतील घरमालकांचें एक मंडळ असतें. जो घर घेतो तो आपोआप त्या मंडळाचा सभासद होतो. सभासदत्व नको म्हणण्याची सोय नसते. मंडळ वर्गणी वसूल करतें, नियम मोडणारास दंड करतें, आणि थकलेल्या वर्गणीचा बोजा घरावर चढवून पुष्कळ राज्यांत तें घर विक्रीसही काढूं शकतें. कर, कायदा आणि शिक्षा हीं राज्यसत्तेचीं तीनही लक्षणें येथें लहान प्रमाणांत दिसतात. मात्र ही सत्ता राज्यघटनेंतून निघालेली नसून करारांतून निघालेली आहे.

या सत्तेचें मूळ शोधीत गेल्यास तें लंडन शहरांत सांपडतें. तेथील लेस्टर स्क्वेअर या चौकाच्या मध्यभागीं असलेली बाग टल्क नांवाच्या गृहस्थानें १८०८ सालीं विकली. विकतांना त्यानें अशी अट घातली कीं, ही जागा बाग म्हणूनच राखावी आणि तिच्यावर इमारत बांधूं नये. बाग हातोहात विकली जाऊन अखेर मॉक्झे नांवाच्या माणसाकडे आली. त्याच्या खरेदीखतांत ही अट नव्हती; परंतु जुन्या करारांत ती आहे हें त्यास ठाऊक होतें. तो इमारत बांधूं लागेल अशीं चिन्हें दिसतांच टल्कनें दावा लावला. १८४८ सालीं लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनीं निकाल दिला कीं, अट माहीत असूनही जो जमीन विकत घेतो, त्यास ती मोडतां येणार नाहीं. अट अशा रीतीनें माणसास न चिकटतां जमिनीस चिकटली. ज्यानें सही केली तो मेला तरी त्याचा शब्द त्याच्या जमिनीवर जिवंत राहूं लागला.

हें तत्त्व इंग्रजी कायद्याबरोबर अमेरिकेंतही मान्य झालें. १८९१ सालीं बाल्टिमोर येथें सुरू झालेलें रोलंड पार्क, किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीं जे. सी. निकोल्स यांनीं कॅन्सस सिटीमध्यें उभारलेली वसाहत, या ठिकाणीं अटींची पद्धति पूर्णत्वास पोहोंचली. पुढें १९४७ सालीं न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही हजारों घरांची वसाहत निघाली, तेव्हां हिरवळ आठवड्यास एकदां कापावी, कुंपण घालूं नये, असे नियम मध्यमवर्गाच्या साध्या घरांनाही लागू झाले. उद्देश वरवर पाहतां चांगलाच होता. शेजाऱ्यानें घराची कळा घालविली तर आपल्याही घराची किंमत उतरते, ही भीति कांहीं खोटी नव्हे. परंतु या निरुपद्रवी कलमांच्या शेजारींच दुसरें एक कलम त्या काळीं सर्रास घातलें जात असे. काळ्या वर्णाच्या माणसास हें घर विकूं नये, किंवा त्यास येथें राहूं देऊं नये, असें तें कलम होतें. १९१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नगरपालिकांस असे वर्णभेदाचे नियम करण्यास मनाई केली होती. म्हणून जें काम नगरपालिकेच्या हातून सुटलें, तें शेजाऱ्यांनीं करारानें साधलें.

या प्रश्नाचा निकाल मिसूरी राज्यांतील सेंट लुई शहराच्या एका घरावरून लागला. लॅबडी अॅव्हेन्यूवरील त्या घराच्या जमिनीवर १९११ सालीं पन्नास वर्षांकरितां वर्णभेदाची अट घातलेली होती. १९४५ सालीं शेली नांवाच्या एका निग्रो कुटुंबानें तें घर विकत घेतलें. लंडनच्या मॉक्झेस अट ठाऊक होती. शेली कुटुंबास तिची कल्पनाही नव्हती. त्याच रस्त्यावरील क्रेमर कुटुंबानें त्यांना बाहेर काढण्याकरितां दावा लावला. टल्कच्या निकालास बरोबर शंभर वर्षें होत असतां, ३ मे १९४८ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें शेली यांच्या बाजूनें निकाल दिला. नऊ न्यायमूर्तींपैकीं तिघे या खटल्यापासून दूर राहिले. उरलेल्या सहा जणांचें एकमत झालें. त्यांची विचारसरणी अशी होती: करार खासगी असेल, आणि लोक तो आपखुशीनें पाळीत असतील, तोंवर घटनेचा संबंध येत नाहीं, पण तो पाळावयास लावण्याकरितां न्यायालयाचा हुकूम लागला कीं तेथें सरकारचा हात आला, आणि सरकारास वर्णावरून भेद करतां येत नाहीं.

या निकालानंतर एक मोठा प्रश्न साहजिकच उभा राहिला. वर्णभेदाची अट न्यायालयानें बजावणें हें जर सरकारी कृत्य, तर माणसाचें तोंड बंद करणारी अट बजावणें हेंही सरकारी कृत्यच नव्हे काय? तर्क सरळ होता, पण न्यायालयें त्या वाटेनें सहसा गेलीं नाहींत. तसें केल्यास प्रत्येक खासगी करार घटनेच्या तराजूंत तोलावा लागेल, ही त्यांची अडचण होती. त्यामुळें १९४८ चें तत्त्व बहुतेक वर्णभेदापुरतेंच राहिलें, आणि इकडे मंडळांची संख्या मात्र वाढत गेली. अशा संस्थांच्या मध्यवर्ती संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९७० सालीं देशभर सुमारे १०,००० मंडळें होतीं. आज तीं साडेतीन लाखांच्या वर गेलीं असून त्यांच्या नियमांखालीं सात कोटींहून अधिक माणसें राहतात.

सरकार आणि मंडळ यांतील हा फरक किती खोल आहे, हें त्याच सेंट लुईच्या एका उपनगरांत स्पष्ट झालें. १९९० च्या डिसेंबरांत लाड्यू येथील मार्गारेट गिलिओ या बाईंनीं इराणच्या आखातांतील संभाव्य युद्धाविरुद्ध आपल्या अंगणांत एक फलक लावला. नगरपालिकेच्या नियमानें अशा फलकांस बंदी होती. बाईंनीं न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि पुढें माडीवरील खिडकींत साडेआठ इंच रुंद व अकरा इंच उंच असा एक साधा कागद लावला. त्यावर आखातांत शांतता नांदावी एवढाच आशय होता. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें बाईंचा पक्ष उचलून धरला. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं निकालपत्रांत दाखवून दिलें कीं, स्वतःच्या घरावरून बोललेल्या शब्दास एक निराळेंच वजन असतें. कारण बोलणारा कोण हें त्यावरून लगेच कळतें, आणि ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यासही हें साधन परवडतें. परंतु तोच कागद बाईंनीं मंडळाच्या वसाहतींतील खिडकींत लावला असता आणि बंदी मंडळानें केली असती, तर या निकालाचा त्यांना कांहींच उपयोग झाला नसता. घटनेची पहिली दुरुस्ती सरकारास बांधते, शेजाऱ्यास बांधीत नाहीं.

११ सप्टेंबर २००१ च्या भीषण हल्ल्यानंतर अमेरिकन माणसानें दुःख आणि निर्धार व्यक्त करण्याकरितां घरोघर ध्वज उभारले, आणि जुने नियम एकाएकीं डोळ्यांवर आले. येथें मंडळांची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. त्यांचा रोष सहसा ध्वजावर नसून खांबावर असे. भिंतीस लावलेला लहान ध्वज पुष्कळ ठिकाणीं चालत असे. पण अंगणांत रोवलेला उंच धातूचा खांब, रात्रीं वाऱ्यानें त्यावर आपटणारी दोरी, आणि आज ध्वज आला तर उद्यां प्रचाराचीं निशाणें येतील ही शंका, यांची त्यांना धास्ती होती. शिवाय, या अटी मान्य करूनच तुम्ही घर घेतलें, हें त्यांचें उत्तर तयार असे. तथापि लोकमताचा ओघ ध्वजाकडे होता. मेरीलंडचे प्रतिनिधि रॉस्को बार्टलेट यांनीं मांडलेलें विधेयक काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलें, आणि २४ जुलै २००६ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीं त्यावर सही केली. सभासदाच्या स्वतंत्र मालकीच्या किंवा ताब्याच्या जागेवर राष्ट्रध्वज लावण्यास कोणत्याही मंडळानें मनाई करूं नये, असें तो कायदा सांगतो. मात्र वेळ, स्थळ आणि रीत यांविषयीं वाजवी बंधनें घालण्याची मुभा त्यानें मंडळास ठेविली, आणि कायदा मोडणाऱ्या मंडळास शिक्षा काय, याविषयीं तो मौन धरतो.

ही फट किती रुंद होती, हें तीनच वर्षांत दिसून आलें. व्हर्जिनिया राज्यांत कर्नल व्हॅन बारफुट हे नव्वद वर्षांचे निवृत्त सेनाधिकारी राहत होते. २३ मे १९४४ रोजीं इटलींत त्यांनीं शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर एकट्यानें चाल करून सतरा सैनिक कैद केले होते, आणि त्याबद्दल त्यांस मेडल ऑफ ऑनर हें राष्ट्राचें सर्वोच्च वीरपदक मिळालें होतें. २००९ सालीं त्यांनीं अंगणांत एकवीस फुटांचा खांब उभारला. रोज पहांटे ते ध्वज चढवीत आणि सायंकाळीं उतरवून नीट घडी घालून ठेवीत. मंडळानें ध्वजास नव्हे, तर खांबास हरकत घेतली, आणि वकिलाच्या पत्रानें तो काढण्याची मुदत दिली. कायद्याच्या अक्षराप्रमाणें मंडळाची बाजू अगदींच लंगडी नव्हती. परंतु वर्तमानपत्रांतून ही हकीकत देशभर पसरली, व्हर्जिनियाचे सेनेटर कर्नलांच्या पाठीशीं उभे राहिले, आणि डिसेंबर महिन्यांत मंडळानें माघार घेतली. २०१२ सालीं कर्नल वारले. त्यांचा खांब राहिला तो कायद्याच्या बळावर नव्हे. त्यांच्या छातीवरील पदकाच्या बळावर. ज्याच्याजवळ पदक नाहीं, त्याच्या खांबाचें काय झालें असतें, हा प्रश्न तसाच उरला.

यानंतर निरनिराळ्या राज्यांनीं आपापले कायदे अधिक खुलासेवार केले. अॅरिझोनाच्या कायद्यांत राष्ट्रध्वजाबरोबर सैन्यदलांचे ध्वज, राज्याचा ध्वज, अमेरिकन इंडियन जमातींचे ध्वज आणि क्रांतिकाळांतील पिवळा सर्पध्वज यांचीं नांवें आलेलीं आहेत. ही यादी वाचतांना मूळ दोष ध्यानीं येतो. यादींत जो ध्वज आहे त्यास अभय. जो नाहीं तो पुन्हां मंडळाच्या मर्जीवर. स्वातंत्र्य असें एकेका निशाणास वाटून दिलें, म्हणजे त्याचें स्वरूप हक्काचें न राहतां परवान्याचें होतें. न्यू जर्सी राज्यानें मात्र निराळी वाट धरली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं ट्विन रिव्हर्स या वसाहतीचे फलकांविषयींचे मर्यादित नियम मान्य केले. पण २०१२ सालीं दुसऱ्या एका वसाहतीनें राजकीय फलकांवर घातलेली सरसकट बंदी राज्यघटनेच्या आधारें रद्द ठरविली. बंधन चालेल, मुस्कटदाबी चालणार नाहीं, असा तो विवेक होता. त्यांत कोणत्याही एका निशाणाचें नांव घेण्याची गरज पडली नाहीं.

अमेरिकेंतील घरोघरच्या ध्वजाचा एक दूरचा पडसाद भारतांतही उमटला. टेक्सासमध्यें शिकून आलेले उद्योगपति नवीन जिंदाल यांनीं छत्तीसगडमधील रायगढ येथील आपल्या कारखान्यावर तिरंगा फडकविला, तेव्हां अधिकाऱ्यांनीं हरकत घेतली. कारण त्या काळच्या नियमांप्रमाणें सामान्य नागरिकास तो ठराविक दिवशींच लावतां येत असे. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलांत आली, आणि २३ जानेवारी २००४ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, राष्ट्रध्वज सन्मानपूर्वक फडकविणें हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्या वादांत समोर सरकार उभें होतें, म्हणून घटनेचें शस्त्र हातीं आलें. अमेरिकन गृहस्थासमोर त्याचा स्वतःचाच करार उभा असतो, आणि तेथें तें शस्त्र बोथट होतें.

१८४८ सालीं लंडनची बाग ज्या तत्त्वानें वांचली, त्याच तत्त्वानें पुढें शेली कुटुंबाच्या दारावर घाला घातला, आणि त्याच तत्त्वानें कर्नल बारफुट यांच्या खांबास हात घातला. तत्त्व तेंच, भेद एवढाच कीं बागेचें रक्षण करणारी अट आणि माणसाचें माणूसपण नाकारणारी अट यांची निवड कोणी तरी करावी लागते. १९४८ सालीं न्यायालयानें ती एका प्रकारापुरती केली, २००६ सालीं विधिमंडळानें ती एका ध्वजापुरती केली. खिडकींतल्या साडेआठ इंच रुंद कागदाची निवड मात्र मंडळांच्या वसाहतींत बहुतेक राज्यांमध्यें अजून शेजाऱ्यांच्याच हातीं आहे.