दहाचा दिनार

दिनार म्हटलं की आपल्याला कुवेत, इराक आठवतात. शब्द मात्र अस्सल रोमन. इ. स. पू. २११च्या सुमारास रोमने चांदीचं ‘देनारियस’ पाडलं. ‘देनी’ म्हणजे दहा-दहा. एका नाण्याला काशाचे दहा ‘अस’ मिळत. पुढे भाव सोळावर गेला, नाव दहाचंच राहिलं. नीरोने इ. स. ६४मध्ये वजन आणि चांदी दोन्ही छाटली. त्यामुळे मुरलेला संग्राहक सम्राटाच्या मुखड्यावर भाळण्याआधी नाणं काट्यावर टाकतो.

आपल्याकडे गंमतच झाली. चांदीचं हे नाव गुप्तकाळात सोन्याला चिकटलं! सांचीच्या शिलालेखात पंचवीस दीनारांचं दान आहे: भिक्षूंना जेवण, रत्नगृहात दिवा. इंग्रजांनी तर देनारियसचं आद्याक्षर ‘डी’ पेनीची खूण म्हणून १९७१पर्यंत वापरलं.